वणवा: कुठे, केव्हा आणि कुणाच्या हाताने

१८९६ साली 'इंडियन फॉरेस्टर' या वनाधिकाऱ्यांच्या मासिकात एच. स्लेड या अधिकाऱ्याचा एक लेख आला. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांना आपण आगीपासून गरजेपेक्षा जास्त जपतो आहोत, असे त्याने त्यात लिहिले होते. ओलसर भागात वर्षानुवर्षे आग बंद राहिली की खालचा झाडोरा माजतो आणि त्याच्या गच्च सावलीत सागाचे नवे रोप उठत नाही, असे त्याचे निरीक्षण होते. त्या काळी हे लिहायला धाडस लागत होते. आग हा जंगलाचा पहिला शत्रू, हे वनखात्याचे मूळ सूत्र होते, आणि किती क्षेत्र आगीपासून राखले यावरून अधिकाऱ्याची कर्तबगारी ठरत होती. तरीही पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ब्रह्मदेशातल्या ओलसर सागवनांत आगबंदीचे धोरण मागे घ्यायला सुरुवात झाली.

या गोष्टीला सव्वाशेहून जास्त वर्षे झाली. दर वर्षी फेब्रुवारी उजाडला की आपल्याकडे तोच वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. डोंगर पेटल्याच्या बातम्या येतात, कुणी 'समाजकंटकां'ना दोष देतो, कुणी आदिवासींना, कुणी खात्याला. वणवा चांगला की वाईट, असा सरळसोट प्रश्न विचारला जातो. गेल्या दीडशे वर्षांतले संशोधन आणि अनुभव एकत्र मांडून पाहिले तर हा प्रश्नच चुकीचा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. जंगलशास्त्राने दिलेली उत्तरे जागेगणिक आणि महिन्यागणिक बदलतात. धोरण मात्र अजून एकाच फटक्यात सगळ्या आगी मोजते आणि एकाच कलमाखाली सगळ्या आगी बसवते.

आगबंदीची सुरुवात आपल्या शेजारीच झाली. डिट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ १८६४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. त्याच दशकात सातपुड्यात होशंगाबादजवळच्या बोरी जंगलात कॅप्टन पीअरसनने जाळरेषा आखून आग बाहेर ठेवण्याचा प्रयोग केला आणि तो यशस्वी ठरला. हा देश दर उन्हाळ्यात जळणारच, असे तोवर बहुतेक इंग्रज अधिकारी धरून चालले होते. बोरीने त्यांना दाखवून दिले की मजूर, पैसा आणि शिस्त असेल तर आग थांबवता येते. कोरड्या सागवनात त्याचा लाभही दिसला. मग तेच सूत्र बंगाल-आसामच्या सालवनांत आणि ब्रह्मदेशात लावले गेले. तिथे पाऊस जास्त, ओल जास्त. आग थांबली आणि सालाची पुनरुत्पत्तीही अडली. आर. एस. ट्रूपने १९२१ मध्ये भारतीय वृक्षांवरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला तोवर ठरवून जाळणे हे वनव्यवस्थापनाचे मान्य साधन होऊ लागले होते.

या इतिहासात एक गोष्ट मला फार खुपते. खात्याने लावलेली आग 'व्यवस्थापन' ठरली आणि त्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या आग वापरणाऱ्या माणसाची आग गुन्हा राहिली. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे कलम २६ आजही राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा मानते. कायद्याने जंगल वाचवायला हवे, यात वाद नाही. पण आग कोणती, कोणत्या महिन्यातली, कोणत्या जमिनीवरची, हा भेद त्या कलमात नाही.

आता आगीकडेच वळू. दूरदर्शनच्या पडद्यावर आपण कॅलिफोर्नियाचे किंवा ऑस्ट्रेलियाचे वणवे पाहतो. शेंड्यांवरून शेंड्यांवर झेपावणाऱ्या त्या ज्वाळा पाहून आपल्या जंगलातली आगही तशीच असणार, अशी समजूत होते. मध्य भारताच्या पानगळी जंगलात आग बहुतेक जमिनीवरून सरकते. साग, ऐन, धावडा, तेंदू यांची पाने डिसेंबरपासून गळू लागतात, मार्चपर्यंत जमिनीवर करकरीत थर साचतो, त्यात वाळके गवत मिसळते. आग हा थर खात पुढे जाते आणि मोठ्या झाडांचे शेंडे बहुधा वाचतात. दुसऱ्या दिवशी रान काळे पडलेले दिसते, पण ऐनाच्या मगरीच्या पाठीसारख्या सालीआड जिवंत थर शाबूत असतो. साल जाड असेल तर उष्णता आत पोहोचायला वेळ लागतो, आणि आतल्या पेशींचे तापमान साठ अंशांच्या आसपास जाण्याआधीच आग पुढे निघून गेलेली असते. पळस, साग, ऐन या झाडांनी आगीबरोबर राहण्याची अशी तजवीज करून ठेवलेली आहे.

रोपांचे तसे नसते. त्यांची साल पातळ आणि उंची ज्वाळेच्या टप्प्यात. सालाचे किंवा तेंदूचे रोप आगीत वरून जळून जाते, पण जमिनीखालचे मूळ जिवंत राहते आणि पावसाळ्यात पुन्हा कोंब काढते. हे वर्षानुवर्षे चालते. वरून वीतभर दिसणाऱ्या त्या रोपाखाली मनगटाएवढे मूळ सापडू शकते. एखादी दोन-चार वर्षे आगीविना गेली की साठवलेल्या बळावर ते भराभर वाढते आणि त्याचा शेंडा ज्वाळेच्या वर निघतो. म्हणजे त्या रोपाचे भवितव्य 'आग लागली की नाही' यावर ठरत नाही. दोन आगींमध्ये किती वर्षे गेली, यावर ठरते. आगीविषयीच्या संशोधनातला हा सर्वांत कामाचा मुद्दा आहे असे मला वाटते.

आणि नेमका हाच अवधी घटत चालला आहे. नीलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलाईचे जंगल आहे. तिथल्या आगींच्या जुन्या नोंदी आणि नंतरची उपग्रहचित्रे यांचा मेळ घालून नरेंद्रन कोदंडपाणी, मार्क कॉक्रेन आणि रमण सुकुमार यांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे एकाच जागी दोन आगींमध्ये सरासरी दहाएक वर्षे जात होती. शतकाच्या अखेरीस हा अवधी सव्वातीन वर्षांवर आला होता. दहा वर्षांचा अवकाश मिळणारे जंगल आणि तीन वर्षांनी पुन्हा जळणारे जंगल, ही दोन वेगळी जंगले आहेत. पहिल्यात रोप उठते. दुसऱ्यात मोठी झाडे उभी दिसतात, पण त्यांच्यानंतर कोण, याला उत्तर नसते.

सोनाली साहा आणि हेन्री हाउ यांनी मध्य भारतातल्या पानगळी जंगलात जळणारे आणि आगीपासून राखलेले तुकडे शेजारी शेजारी ठेवून तपासले. सतत जळणाऱ्या भागात बियांपासून आलेली रोपे आणि त्यांतली जातींची विविधता कमी दिसली. मुळांतून फुटवे काढणाऱ्या जाती वरचढ ठरत गेल्या. म्हणजे दरवर्षीची आग जंगल संपवत नाही, जंगल निवडते. ज्यांना फुटवे काढता येतात ते राहतात. ज्यांची सारी भिस्त बियांवर आहे ते हळूहळू बाजूला पडतात. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, कारण रान हिरवेच असते.

बांबूचा प्रश्न याहून अवघड आहे. बांबू अनेक दशकांनी एकदाच फुलतो आणि सगळा एकदमच मरतो. १९९९ मध्ये जॉन कीली आणि विल्यम बाँड यांनी असा तर्क मांडला की हे सामूहिक मरण आगीला आमंत्रण देण्यासाठीच असावे: वाळलेल्या बांबूंचे प्रचंड सरपण पेटते, वरची झाडे होरपळतात आणि बांबूच्या लाखो नव्या रोपांना ऊन मिळते. साहा आणि हाउ यांनी दोन वर्षांनी त्यावर आक्षेप घेतला. आपल्याकडच्या आगींमागे निसर्गापेक्षा माणसाचा हात आहे, या बाजूने त्या तर्काकडे पाहायला हवे. कोरड्या विजेने पेटणारी जंगले जगात पुष्कळ आहेत, पण आपल्याकडे वीज बहुधा पावसासोबत येते. भारतातली जवळजवळ प्रत्येक जंगलआग माणसाच्या हातून लागते, मग ती ठरवून लावलेली असो की हलगर्जीपणाने लागलेली.

त्या हाताकडे नीट पाहिले पाहिजे. विदर्भात वणव्याची दोन कारणे कुणालाही विचारली तरी कळतात: तेंदू आणि मोहफूल.

मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये रात्रीतून गळतात. पहाटे बाया आणि मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, कारण ऊन चढले की गुरे, हरणे आणि अस्वले वाटेकरी होतात. फूल पिवळसर, मांसल, बोराएवढे. करकरीत पाचोळ्यात ते दिसत नाही, वेचताना हाताला लागत नाही, आणि पाचोळ्यात विंचू-सापाचीही भीती असते. म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन स्वच्छ केली जाते. कडेने झाडून पट्टा मोकळा केला असेल तर आग त्या एका झाडाखालीच विझते. घाईत तो पट्टा राहून गेला आणि दुपारच्या वाऱ्याने एक जळते पान उचलले की मग शेकडो हेक्टरांचा हिशेब होतो. ज्या घराचे दोन महिन्यांचे मीठ-मिरची-तेल त्या फुलांवर चालते, त्या घराला 'आग लावू नका' असे नुसते सांगणे म्हणजे त्यांचे काम दुप्पट करून मोबदला शून्य ठेवणे. झाडाखाली जाळी अंथरली तर पाचोळाही जाळावा लागत नाही आणि फूलही स्वच्छ मिळते. साधी गोष्ट आहे; ती पुरवायला फार मोठी योजना लागत नाही.

तेंदूचे गणित वेगळे आहे. विडीला लागणारे पान कोवळे, रुंद आणि गाठींविना हवे असते, आणि ते मोठ्या झाडापेक्षा झुडपाच्या नव्या फुटव्यावर चांगले येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आग गेली की तेंदूच्या मुळांतून झपाट्याने फुटवे येतात आणि मे महिन्यात तोडणीला ते तयार असतात. झुडपांची छाटणी केली तरी असाच फुटवा मिळतो, पण छाटणीला मजुरी लागते आणि काडीला लागत नाही. पानाच्या भावात तो खर्च धरलेला नसेल तर आगीचे कारण त्या भावातच दडलेले असते. वणव्याच्या चर्चेत काडी ओढणाऱ्याचे नाव सगळे घेतात. काडी स्वस्त करणाऱ्या बाजाराचे नाव फार कमी जण घेतात.

याच्या उलट उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचे आहे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाल्यावर गावाने तेंदूपत्ता तोडणेच बंद ठरवले. त्यासाठी होणारी तोड आणि आग दोन्ही जंगलाला मारक आहेत, हा त्यांचा विचार होता. बांबूतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा आधार होता म्हणून हा निर्णय गावाला परवडला. माधव गाडगीळांनी पाचगावविषयी पुन्हा पुन्हा लिहिले ते याचसाठी. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर गडचिरोलीत अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. ज्याच्या नावावर पुढच्या वर्षीचे पान आहे, तो यंदाच्या आगीचा विचार वेगळ्या तऱ्हेने करतो. मी हे सगळ्या ग्रामसभांविषयी म्हणत नाही. काही ठिकाणी ठेकेदाराची आग ग्रामसभेच्या नावावर चालूच आहे. पण आग कमी होण्याचा खात्रीचा मार्ग मालकीतून जातो, हे मला या दोन गावांच्या अनुभवातून दिसते.

कुमाऊंचा इतिहासही हेच सांगतो, आणि तो जास्त कडवट आहे. राळेसाठी आणि लाकडासाठी चीड पाइनला महत्त्व आले, गावांची चराई आणि पानतोड यांवर बंधने आली, त्यात बेगारीची सक्ती होती. १९२१ च्या उन्हाळ्यात कुमाऊंची राखीव जंगले पेटवली गेली. रामचंद्र गुहा यांनी आपल्या अभ्यासात या आगींना प्रतिकार म्हणून वाचले आहे. सरकारला तक्रार समिती नेमावी लागली आणि दहा वर्षांनी, १९३१ मध्ये, वनपंचायतींचे नियम आले. त्या आगीत शेतकऱ्याचे आपल्याच रानावरचे प्रेम संपलेले दिसत नाही, ते रान आता आपले राहिलेले नाही, हा निष्कर्ष दिसतो. उत्तराखंडातल्या आजच्या वणव्यांमागे चीडाची वाळलेली सुयांसारखी पाने आहेत, ओस पडलेली गावे आहेत आणि लांबलेले कोरडे महिनेही आहेत. पण या शंभर वर्षांच्या दुराव्याला वगळून ते वणवे समजणार नाहीत.

दक्षिणेतले एक प्रकरण या साऱ्या चर्चेला वेगळीच कलाटणी देते. कर्नाटकात बिळिगिरिरंगन टेकड्यांवर सोलिगा आदिवासी राहतात. ते कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच, पाचोळा फार साचण्याआधी, हलकी आग लावत असत. १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि आग बंद झाली. पुढच्या काळात जंगलात घाणेरी पसरत गेली. भरत सुंदरम आणि अंकिला हिरेमठ यांनी तेच भूखंड १९९७ आणि २००८ मध्ये तपासले: पहिल्या वेळी ४१ टक्के भूखंडांत घाणेरी होती, दुसऱ्या वेळी ८१ टक्क्यांत. सोलिगा म्हणतात की हलक्या आगीने घाणेरीची रोपे मरत होती आणि आवळ्यावरचे बांडगूळही आटोक्यात राहत होते. बांडगुळाविषयीचे त्यांचे म्हणणे संशोधकांनी तपासायला घेतले, आणि वैज्ञानिक साहित्यात त्याची दखल घेतली गेली. घाणेरी वाढण्यामागे आग बंद होणे हे एकच कारण होते, असे म्हणता येत नाही. गुरे, बीज पसरवणारे पक्षी, पाऊस यांचाही वाटा आहे. उलट दिशेचा तर्कही हिरेमठ आणि सुंदरम यांनीच मांडला आहे, की वारंवार तीव्र आग लागली की मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरी घुसते आणि तिच्या सरपणाने पुढची आग आणखी तापते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण आग एका जातीची नसते. जानेवारीची ओलसर पाचोळ्यातली गुडघ्याखालची आग आणि एप्रिलमधली भाजून काढणारी आग यांना एकच नाव दिले की सारा घोळ होतो.

आज तिथे जुनी आग परत आणावी, हे म्हणणे सोपे आहे. पण घाणेरीच्या माणसाहून उंच जाळ्या झाल्या आहेत. त्यांत आग शिरली तर ती जमिनीवर राहणार नाही, फांद्यांवरून चढून शेंड्यांपर्यंत जाईल. पन्नास वर्षे बंद ठेवलेले ज्ञान पुन्हा सुरू करायचे तर आधी घाणेरी हाताने काढावी लागेल. त्याचा खर्च आहे आणि ते काम संयमाचे आहे.

आतापर्यंत मी जंगलांविषयी लिहिले. महाराष्ट्रात आगीचा दुसरा मोठा प्रश्न गवताळ माळांचा आहे, आणि त्यांच्याविषयीचे आपले अज्ञान जास्त खोल आहे. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर इथले कुसळी, पवन्या, मारवेलचे माळ सरकारी कागदांत 'पडीक' म्हणून येतात. एकेकाळी तिथे जंगल होते, चराईने आणि आगीने ते उजाड झाले, म्हणून आता झाडे लावली पाहिजेत, असा तर्क पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. जयश्री रत्नम आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये स्पष्ट मांडले की आशियातल्या ज्या प्रदेशांना आपण विरळ झालेले जंगल म्हणतो त्यांतले कित्येक मुळात सव्हाना आहेत. तिथे गवत आणि झाडे एकत्र नांदतात आणि हे सहजीवन आग व चराईच्या आधाराने टिकते. आशिष नेर्लेकर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये भारतीय सव्हानांत प्रदेशनिष्ठ अशा २०६ वनस्पतींची नोंद केली. त्यांतल्या पुष्कळ गेल्या दोन दशकांत प्रथमच ओळखल्या गेल्या. पडीक म्हणून ज्या जमिनीवर गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या जातात, तिथे अशी संपत्ती दडलेली आहे.

२०२५ मध्ये नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी केलेले काम मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटेल. पश्चिम महाराष्ट्राच्या माळांचे वय ठरवायला त्यांनी जुने मराठी वाङ्मय वापरले: मध्ययुगीन पोथ्या, देवतांच्या कथा, लोकपरंपरेतले उल्लेख. त्यांत आलेल्या चाळीसहून अधिक रानवनस्पतींची यादी केल्यावर बहुसंख्य वनस्पती उघड्या गवताळ प्रदेशाच्या निघाल्या. निष्कर्ष असा की हे माळ किमान साडेसातशे वर्षे तरी माळच आहेत. इंग्रजांची जंगलतोड येण्याच्या कितीतरी आधीपासून. जुन्या कथेतल्या बाभळीचा आणि गवताचा उल्लेख परिसरशास्त्राला पुरावा म्हणून उपयोगी पडतो, याचा मला मनापासून आनंद झाला.

मग माळांवर आग लावावी का? इथे घाई नको. गवताचे डोळे जमिनीच्या पातळीला असतात, त्यामुळे वरचे वाळके पाते जळले तरी पावसाळ्यात ते पुन्हा उगवते. सावली धरणाऱ्या झुडपांना आग आवर घालते. पण दरवर्षी, सगळा माळ, एकाच आठवड्यात जाळला तर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना, सरड्यांना, कीटकांना आसरा उरत नाही आणि मेंढपाळाचा उन्हाळ्यातला वाळका चाराही जातो. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून ठरावीक भूखंड ठरावीक वर्षांनी आणि ठरावीक ऋतूंत जाळून परिणाम नोंदवले जात आहेत. आपल्याकडे मुदुमलाईत १९८८ पासून भारतीय विज्ञान संस्थेने मोठा कायमस्वरूपी भूखंड राखून प्रत्येक झाडाची नोंद ठेवली आहे. सोलापूरच्या माळावर, मेळघाटात, भीमाशंकरच्या उतारावर असे भूखंड हवेत. त्यांच्याविना आपण एकमेकांच्या मतांवर मते रचत राहू.

सह्याद्रीत प्रश्न मिसळलेला आहे. एकाच डोंगरावर खाली गवताचा उतार, वर कारवी, घळीत सदाहरित राई आणि पायथ्याला आंबा-काजूच्या बागा असतात. उतारावरचे गवत जळले तर ते पुन्हा येते. पण तीच आग राईच्या कडेला पोचली की तिथल्या पातळ सालीच्या झाडांना वाली नसतो. त्या झाडांनी कधी आग पाहिलेली नाही. दर उन्हाळ्यात राईची कड थोडी आत सरकते आणि दहा-वीस वर्षांत देवराईचा आकारच लहान होतो. उभ्या उतारावरची राख आणि मोकळी माती पहिल्याच वळिवात ओढ्यात जाते. कोकणात वणव्याने बाग जळाल्याच्या तक्रारी दर वर्षी होतात, आणि ज्याने पंधरा वर्षे कलमे जोपासली त्याच्यासाठी सव्हाना-सिद्धान्त हा दिलासा नाही. त्याला रुंद, वेळेवर साफ केलेली जाळरेषा हवी.

कोकणातल्याच राबाकडे पाहिले तर आग हाताळण्याचे जुने कसब दिसते. भाताच्या रोपासाठी निवडलेल्या वाफ्यावर शेण, डहाळ्या, पाने, गवत असे थर रचतात, वर मातीचा पातळ थर देतात, म्हणजे आग भडकत नाही आणि धग हळूहळू जमिनीत उतरते. तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, रोप जोमाने येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच राबावरून आणि त्यासाठी होणाऱ्या डहाळतोडीवरून ठाणे जिल्ह्यात वनखाते आणि शेतकरी यांच्यात मोठा संघर्ष झाला. १८८५ ते १८८७ या काळात बॉम्बे फॉरेस्ट कमिशनने त्याची चौकशी केली. डहाळतोडीने ऐनाची झाडे खुरटली, ही तक्रार खरी होती. पण जागा, थर आणि धग ठरवून जाळणारा तो शेतकरी आगीविषयी बेजबाबदार नव्हता, हेही तितकेच खरे.

आता आकड्यांविषयी, कारण वर्तमानपत्रांत तेच येतात. डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून आगीचे ठिपके टिपते आणि इशारे थेट वनरक्षकाच्या मोबाइलवर पोचतात. ही मोठी सोय आहे. २०२०-२१ च्या हंगामात देशात ३,४५,९८९ ठिपके नोंदले गेले, २०२३-२४ मध्ये २,०३,५४४; त्यांत महाराष्ट्राचे १६,००८. पण ठिपका म्हणजे एक आग नव्हे आणि एक हेक्टरही नव्हे. जुन्या संवेदकाचा चौकोन एक किलोमीटरचा होता, नव्याचा ३७५ मीटरचा, त्यामुळे नव्या यंत्राला जास्त ठिपके दिसतात. एकच मोठी आग दहा ठिपके देते. उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये पेटून विझलेली गवताची आग एकही देत नाही. आणि कलमाखाली ज्याप्रमाणे सगळ्या आगी एक, त्याचप्रमाणे नकाशावरही सगळे ठिपके एकाच लाल रंगाचे. जानेवारीत जाळरेषा साफ करणारी खात्याची आग आणि एप्रिलमध्ये राईत घुसलेला वणवा यांची बेरीज होते. ठिपके कमी झाले की यश, वाढले की अपयश, हा हिशेब स्लेडच्या काळातल्या एकरांच्या हिशेबासारखाच आंधळा आहे. मोजायचे तर जळालेले क्षेत्र, महिना, जंगलाचा प्रकार आणि त्याच जागी मागची आग केव्हा लागली होती, हे मोजले पाहिजे. उपग्रहांच्या संग्रहात वीस वर्षांहून अधिक काळाची माहिती पडून आहे. ती या पद्धतीने बीटनिहाय मांडणे अवघड नाही.

आणि या आकड्यांत माणसे येत नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये नवेगाव-नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा मृत्यू झाला. जून २०२४ मध्ये अल्मोड्याजवळ बिनसरला वनकर्मचारी आगीत गेले. फेब्रुवारी ते जून एवढ्याच काळासाठी रोजंदारीवर घेतलेल्या माणसाच्या हातात बहुधा हिरव्या फांदीचा झोडपा असतो, फार तर ब्लोअर. उतारावर आग वर चढताना वेग घेते, वारा फिरला की घळ सापळा होते, हे शिकवायला दिवस लागतात. अग्निरोधक कपडे, बूट, पाणी आणि विमा यांना पैसा लागतो. आगबंदीचे सारे धोरण ज्यांच्या अंगावर उभे आहे त्यांच्याकडे आढावा घेताना सगळ्यात शेवटी लक्ष जाते, याची मला लाज वाटते.

उत्तर ऑस्ट्रेलियात वेस्ट आर्नहेम लँडमध्ये २००६ पासून आदिवासी रेंजर कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला तुकड्यातुकड्यांनी हलकी आग लावतात, म्हणजे शेवटच्या महिन्यांतली मोठी आग पसरायला सलग सरपण राहत नाही. मोठ्या आगींतून निघणारे हरितगृह वायू कमी होतात, म्हणून त्यांना या कामाचे पैसेही मिळतात. तिथली निलगिरीची झाडे आणि लोकवस्तीची विरळता आपल्याकडे नाही, त्यामुळे नक्कल करून भागणार नाही. वेळेचा धडा मात्र घेता येतो. आपल्याकडे आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो असे धरतात. त्याआधीचे दीड-दोन महिने, पहाटे गवतावर दव असते तो काळ, जाळरेषा साफ करून जाळण्याचा आहे. त्या कामाचा निधी उशिरा आला की तेच काम मार्चमध्ये होते आणि जाळरेषेची आगच वणवा होते.

म्हणून पहिले काम अंदाजपत्रकाचे आहे: जाळरेषांचा पैसा नोव्हेंबरमध्ये जागेवर पोचला पाहिजे, आणि जिथे सामूहिक वनहक्क मंजूर आहे तिथे तो ग्रामसभेच्या खात्यात गेला पाहिजे. आज जंगल राखण्याची जबाबदारी ग्रामसभेकडे आणि त्याचा निधी खात्याकडे, अशी विभागणी अनेक ठिकाणी आहे. दुसरे काम नकाशाचे: सदाहरित राई आणि देवराया, जिथे आग कधीच नको, कोरडी सागवने, जिथे दोन आगींमध्ये आठ-दहा वर्षे जायला हवीत, आणि माळ, जिथे आळीपाळीने तुकडे जाळण्याचा प्रयोग देखरेखीखाली व्हायला हवा. तिसरे, तेंदूच्या लिलावाच्या करारात छाटणीची मजुरी वेगळी धरावी आणि आग लागलेल्या भागातले पान घेणार नाही, ही अट खरेदीदारावर असावी. मोहाच्या झाडांसाठी जाळ्या फुले गळायला लागण्याआधी, फेब्रुवारीतच, गावात पोचाव्यात. एप्रिलमध्ये आलेल्या जाळ्या पुढच्या वर्षापर्यंत गोदामात पडतात.